आईने निवडलेली विमान कंपनी

मंडळी, विमानात चहा भातुकलीच्या कपात देतात, याचा मी तीव्र निषेध नोंदवतो. एवढ्याशा चहावर आमच्या कोल्हार गावचा पाहुणा रुसून जाईल.

आज आईला घेऊन दुबईहून, बहिणीकडून परतलो. जाताना आईनं रिवाजाप्रमाणे शेजारच्याला भाकरी देऊ केली, तर हवाईसुंदरीनं डबाच बंद करायला लावला.

"परत न्हाई बसायची मी इमानात," आई म्हणाली. म्हणजे लेकीचं घर तिला कायमचं तुटलं.

येताना कंपनी दुसरी होती. आईनं तिथल्या हवाईसुंदरी पोरीला विचारलं, "जेवलीस का गं?" तिला मराठी कळेना, पण आईनं पुढं केलेला भाकरीचा तुकडा तिनं घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला.

"आता जायचं तर हिच्याच इमानानं," आई म्हणाली.

तुम्ही कंपनी कशावरून निवडता? मी ऑनलाइन तारे वाटणारा माणूस नाही. घरी आल्यावर मात्र त्या कंपनीला गुपचूप पाचही देऊन टाकले. त्या पोरीचं देणं होतं.