कडुबाचा फ्लेक्स

कडुबा तुपेच्या आधी त्याच्या आईची तीन लेकरं गेली होती. चौथं जगलं, म्हणून त्याला कडुबा म्हणायचं ठरलं. गोड नावाला नजर लागते अशी आमच्याकडची समजूत. नजर काही लागली नाही. तो पडेगावात वाढला, दाराची चौकट भरेल एवढा झाला, आणि आज पंचावन्नाव्या वर्षी पाण्याचा टँकर चालवतो. हर्सूलच्या तलावाकडून भरायचा आणि शहरभर ओतायचा. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे टँकरवाल्याला लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करतात. कडुबाला त्या नमस्काराचं कौतुक नव्हतं. त्याला नाव हवं होतं ते कुस्तीतलं.

मी एका कॉलेजात क्रीडाशिक्षक आहे. तेवीस वर्षं शिट्टी फुंकतोय आणि फॉर्म भरतोय. खरं सांगायचं तर फॉर्मच जास्त. कडुबाची एकुलती एक मुलगी अमृता माझ्या हाताखाली खेळली. तिचं जे झालं त्याचा दोष कडुबा स्वतःला देतो. तो दोष माझा आहे, आणि हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही.

तरुणपणी कडुबा जत्रा फिरायचा. नारळाच्या बक्षिसावरच्या कुस्तीपासून सुरुवात करून तो शेवटच्या चार जोडांपर्यंत पोचला होता. पण भोंग्यावर बोलणारा माणूस त्याचं नाव कधी घ्यायचा नाही. ‘पडेगावचा पैलवान’ एवढंच म्हणायचा. वीस वर्षं कडुबा पडेगावचा पैलवान राहिला. हे तो हसत सांगायचा, पण मला त्यानं ते दहा वेळा तरी सांगितलं असेल.

मातीच्या कुस्तीत एकच गोष्ट मोजतात: पाठ. पाठ मातीला लागली की संपलं, तोवर काहीही चालतं. कडुबाची सगळी कला या एका नियमावर उभी होती. तो पोटावर पालथा पडून राहायचा, हनुवटी मातीत रुतवायचा, आणि वरचा गडी त्याला उलथवता उलथवता घामाघूम व्हायचा. अर्ध्या तासानं तो दमला की कडुबा उठायचा आणि त्याला आरामात चीत करायचा. मुलीलाही त्यानं हेच शिकवलं. घरामागं खड्डा खणला, लाल माती आणली, तिच्यात ताक, तेल, हळद घातली. बायको सारजाबाई वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही. मग एक दिवस तीच दुधाचा तांब्या घेऊन खड्ड्यापाशी उभी राहिली.

अमृता माझ्याकडं पहिल्या वर्षाला आली आणि मॅटवरची तिची पहिलीच कुस्ती सव्वा मिनिटात आटोपली. समोरच्या पोरीनं तिला खाली घेतलं. अमृता बापानं शिकवल्याप्रमाणं पोटावर पडून निवांत राहिली. त्या पोरीनं तिच्या कमरेला मिठी मारली आणि तिला मॅटवरून चार वेळा लोळवलं. खाली घेण्याचे दोन, प्रत्येक लोळण्याचे दोन, असे दहा गुण झाले. दहाची आघाडी झाली की मॅटवरची कुस्ती तिथंच संपते; पंचांनी शिट्टी वाजवली. अमृता उठून पंचांकडं बघत राहिली. तिला वाटलं, अजून कुस्ती सुरूच व्हायची आहे.

कडुबा चपला हातात घेऊन माझ्याकडं आला.

“सर, पाठ लागली का तिची?”

“नाही लागली.”

“मंग हारली कशी?”

मी गुणांचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं शहाण्या मुलासारखं ऐकून घेतलं.

“म्हंजे पाठ न लागता बी माणूस हारतो,” तो म्हणाला. “ही लई अवघड कुस्ती हाय सर. हिच्यात हारल्यालं कळतच नाय.”

मला हसू आलं होतं तेव्हा.

अमृताची ती सवय मोडायला दोन वर्षं गेली. खाली पडलीस की ऊठ, हे एकच वाक्य मी किती वेळा ओरडलो असेन त्याला गणती नाही. कडुबा टँकरच्या दोन खेपांमध्ये हॉलवर यायचा, मॅटला मातीसारखा हात लावून कपाळाला लावायचा आणि भिंतीशी बसून गुण मोजायचा. ते बहुतेक चुकायचे. पण पोरगी तयार झाली. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला ती आली तेव्हा तिच्या वजनात विद्यापीठात तिला तोड नव्हती.

आता जे सांगायचं ते हे. त्या वर्षी अमृताला आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळायचं होतं. तिथलं पदक मिळालं असतं तर त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या जागेसाठी पोलिसात अर्ज करता आला असता. दुसरी वाट नव्हती. पुढच्या वर्षी ती विद्यार्थिनी राहणार नव्हती, आणि कडुबाच्या गुडघ्यांनी क्लच दाबणं जवळजवळ सोडलं होतं. घरात तिघं आणि सगळ्यांची नजर त्या एका स्पर्धेवर.

जून महिन्यात पुण्याकडून एक लीगवाले आले. दिवे, संगीत, वाघ-सिंहांच्या नावाचे संघ, टीव्हीवर कुस्ती. त्यांना मुली हव्या होत्या. अमृतानं मला फोन केला तेव्हा मी एका लग्नाच्या पंगतीत होतो.

“सर, करारावर सही करू का? तुम्ही म्हणाल तर करते.”

“अगं, कर की! विचारतेस काय?” मी म्हणालो आणि जिलबी वाढून घेतली.

तिनं सही केली. थोडी आगाऊ रक्कम मिळाली आणि पाठीवर नाव छापलेला ट्रॅकसूट. ट्रॅकसूट सारजाबाईनं कपाटात ठेवला, घालू दिला नाही.

ऑगस्टमध्ये स्पर्धेचे फॉर्म आले. बावीस वर्षं तोच फॉर्म, तोच निळसर कागद. त्या वर्षी खाली एक ओळ नवी आली होती: मी कोणत्याही व्यावसायिक संस्थेशी मोबदल्याचा करार केलेला नाही. मी ती वाचली नाही. फुल्या मारून मी फॉर्म अमृतापुढं सरकवला आणि म्हणालो, इथं सही कर, इथं कर, आणि मागं एक. तिनं केल्या. माझ्यावर विश्वास होता तिचा.

इकडं कडुबाला हौस सुटली. आमच्याकडं कुणाचा वाढदिवस असो, कुणी ग्रामपंचायतीत पडो, फ्लेक्स लागतोच. कडुबानं पडेगावच्या नाक्यावर वीस फुटांचा फ्लेक्स लावला. मधोमध अमृता, शड्डू ठोकताना. वर लाल अक्षरांत: ‘व्यावसायिक कुस्ती लीगमध्ये करारबद्ध झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत फेटा बांधलेला तो स्वतः, आणि फोटोखाली संपूर्ण नाव: पैलवान कडुबा रंगनाथ तुपे. टँकर घेऊन जाताना तो तिथं गिअर उतरवायचा. मागचे लोक हॉर्न वाजवायचे.

“सर, एवढ्यांदा आपलं नाव लिवल्यालं मी पहिल्यांदाच बघतोय,” तो मला म्हणाला.

आणि त्या फ्लेक्सवर उजवीकडं, एका गोलात, माझाही फोटो होता. ‘मार्गदर्शक’. कडुबानं मला न विचारता टाकला होता. मी रागावायला म्हणून नाक्यावर गेलो आणि फ्लेक्स बघून विरघळलो. बावीस वर्षांत मला कुणी मार्गदर्शक म्हटलं नव्हतं. कॉलेजात मला ‘शिट्टीवाले सर’ म्हणतात. मी मोबाईल काढला, फोटो घेतला आणि विद्यापीठातल्या सगळ्या क्रीडाशिक्षकांच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं: आमची अमृता!

बत्तीस अंगठे आले. त्यातला एक दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या सरांचा होता. त्यांची मुलगी अमृताच्याच वजनात खेळायची. निवड चाचणीत अमृतानं तिला हरवलं, आणि तिसऱ्या दिवशी विद्यापीठात हरकतीचा अर्ज गेला. अर्जासोबत मीच ग्रुपवर टाकलेला फोटो जोडलेला होता. पडेगाव त्या सरांनी जन्मात पाहिलं नसेल.

सुनावणीला अमृता, कडुबा आणि मी असे तिघं गेलो. समोर तिघांची समिती, टेबलावर त्या फोटोची रंगीत प्रत. माझा मेसेज कापून फक्त फ्लेक्स छापला होता, त्यामुळे तो कुणी पाठवला हे कडुबाला कळायला मार्ग नव्हता. त्याला वाटलं, कुणीतरी नाक्यावर येऊन फोटो काढून नेला. अध्यक्ष भला माणूस होता. अमृताकडं बघून म्हणाला, “बाळ, फॉर्मवर लिहून दिलंस करार नाही, आणि इथं तर एवढा मोठा छापलाय. खरं काय?”

तिनं तोंड उघडायच्या आत कडुबा उभा राहिला.

“साहेब, ते मी खोटं छापलं,” तो म्हणाला. “करार-बिरार काय नाय. मला हौस आली. गावात मिरवायचं व्हतं. पोरीला ठाऊक बी नव्हतं.”

“खोटं छापलं असं लिहून द्याल?”

“देतो की. कुठं लिवायचं ते सांगा.”

दोघं सदस्य एकमेकांकडं बघून हसले. एक जण म्हणाला, “पैलवानसुद्धा खोटंच का मग?” कडुबा हसला. “व्हय साहेब, ते बी खोटंच म्हना,” तो म्हणाला आणि पेनासाठी हात पुढं केला. मी बाजूच्या खुर्चीत बसून फाईलीचा बंद सोडत होतो आणि बांधत होतो.

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. फॉर्मवर मी न वाचता सही करून घेतली, मुलीनं मला विचारूनच करार केला, फोटो मी पाठवला, मला काय करायचं ते करा. चार वाक्यं होती. कदाचित समितीनं मला ताकीद दिली असती, कदाचित निलंबित केलं असतं. कदाचित पोरगी तरीही बाद झाली असती. पण माझी जीभ उचलली नाही. निवृत्तीला सहा वर्षं राहिली होती आणि मला ती सुखानं काढायची होती.

अमृतानं आधी माझ्याकडं पाहिलं. मी फाईलीकडं पाहिलं. मग ती उठली आणि बापाच्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

“अण्णा, बसा खाली,” ती म्हणाली. आणि समितीला म्हणाली, “माझा बाप खोटं बोलायलाय. करार झालाय. सही माझीच हाय. आन् ते पैलवान हायेत, ते खरं हाय.”

तिनं माझं नाव घेतलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

अर्ध्या तासात निर्णय झाला. फॉर्मवर खोटी माहिती दिली म्हणून ती बाद, आणि पुढची दोन वर्षं बंदी. तिला पुढचं वर्षच नव्हतं, त्यामुळे बंदीचा आकडा दोन असो की वीस, सारखाच. तिच्या जागी ती दुसरी मुलगी गेली आणि पहिल्याच फेरीत हरून आली. लीगचं म्हणाल तर ती झालीच नाही. आधी दिवाळीनंतर म्हणाले, मग प्रायोजक नाही म्हणाले, मग फोन बंद. अमृता आता पुंडलिकनगरला एका जिममध्ये बायकांना व्यायाम शिकवते. मला रस्त्यात भेटली तर ‘नमस्कार सर’ म्हणते. त्या नमस्कारात काहीच नसतं, रागही नसतो. मला राग चालला असता.

कडुबा सुनावणीनंतर हॉलवर आला नाही. खड्डा त्यानं बुजवला असं सारजाबाईनं सांगितलं. मला वाटलं, बरं झालं, तोंड दाखवायचा प्रश्न मिटला. पण यंदा एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजची विहीर आटली आणि टँकर लावावा लागला. पहिला टँकर घेऊन कडुबाच आला.

पाईप टाकीत सोडून तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. खूप वाळला होता. आत ये म्हटलं तरी चौकट ओलांडेना.

“सर, एक बोलायचं व्हतं. वर्षापासून मनात हाय.”

त्याला कळलं, असं मला वाटलं. खरं सांगतो, क्षणभर मला सुटल्यासारखंही वाटलं.

“त्या दिशी समितीपुढं तुमची मान खाली गेल्याली मी बघितली,” तो म्हणाला. “तुमच्यासारख्या माणसाची. माझ्या हौसंपायी पोरीचं तर गेलंच, पर तुमच्या कष्टावर बी पाणी पडलं. पोरगी म्हनती, अण्णा, सरांना काय बोलू नका. पर मला ऱ्हावत नाय. मला माफ करा सर.”

आणि तो एवढा मोठा माणूस, दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत, माझ्या पायाशी वाकला.

मी त्याला खांद्याला धरून उठवलं. आता सांगायचं, असं मी मनात म्हटलंसुद्धा. बाहेर टाकी भरत आल्याचा आवाज येत होता.

“झालं ते झालं, कडुबा,” मी म्हणालो. “माझ्या मनात काही नाही.”

त्याचे डोळे भरून आले. वर्षाचं ओझं उतरल्यासारखा तो हसला, माझे दोन्ही हात त्याच्या रुंद हातांत धरून दाबले, आणि “लई मोठं मन हाय सर तुमचं,” म्हणून टँकरकडं गेला.