अक्काचं गाठोडं

अक्का गेली, आणि तिच्या मागं टाकून द्यायला घरात एक चिंधी निघाली नाही.

रडकी पोस्ट वाचायची असेल तर पुढं जा. मला आज लई अभिमान वाटतोय, म्हणून लिहितेय.

अक्का म्हणजे माझी सख्खी बहीण, आणि थोरली जाऊ पण. आम्ही दोघी रिहे गावातल्या एकाच घरात दिलेल्या. आज तिचा दहावा झाला.

तिचा एकच कायदा. ज्या वस्तूला जागा नाही, ती वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही.

एकदा मी बाजारातून प्लास्टिकच्या डब्यांचा सेट आणला. रंगीत झाकणं, वर ऑफर. अक्का दारातच आडवी.

"ह्यात काय भरनार?"

"पसारा."

"मंग पसारा काढून टाक की. त्याला घर कशाला बांधतीस?"

सेट गेला परत. दुकानदारानं तोंड वाकडं केलं. मी पण केलं.

पण खोटं कशाला बोलू, आमच्या घरात एकच वस्तू दोनदा कधी आली नाही.

पकड तिच्या खिळ्याला टांगलेली, गोधड्या शिवायची सुई तिच्या डबीत. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीला, मग त्यात मिरचीची रोपं. जुनी डाळ पुढं, नवी मागं, म्हणून कीड लागून काही उकिरड्यावर गेलं नाही.

धाकट्या दिरानं नांद्याला फ्लॅट घेतला. भिंतभर कपाटं. कात्र्या चार, आणि पाहिजे तेव्हा एक सापडत नाही. मग पाचवी ऑनलाइन येते, खोक्यासकट आणि फुग्याच्या प्लास्टिकसकट.

आमच्या दारात ग्रामपंचायतीची कचऱ्याची गाडी हॉर्न वाजवायची, तर अक्का आतूनच ओरडायची, "जा फुडं, हितं काय न्हाई!"

शेवटी ड्रायव्हरनं थांबायचंच सोडलं.

आता नदीचं सांगते.

आपल्याकडं रीत आहे. मयताचे कपडे, अंथरूण दहाव्याला नदीत सोडायचं. आणि घाटाच्या खालच्या अंगाला आमची पाण्याची मोटर. तिच्या जाळीत कायम कुणाचं तरी लुगडं, कुणाची तरी उशी.

अक्का स्वतः पाण्यात उतरून ओढून काढायची. "जिती हुती तवर धुतली न्हाईत, आता नदीला लावलीत धुवाय!"

आजारी पडली तेव्हा तिनं खाटेजवळ पेटी ओढायला लावली. एकेक लुगडं ज्याला कामाचं त्याला स्वतःच्या हातानं दिलं. पेटी रिकामी झाल्यावर मला म्हणाली,

"मंगे, माझं काय बी नदीत सोडायचं न्हाई. भावकी वरडंल. वरडू दे."

बरं म्हणलं. तेव्हा सोपं वाटलं.

आज घाटावर माईकवर श्रद्धांजलीची भाषणं चालू होती. तात्या म्हणजे आमचे चुलत सासरे, भावकीत मोठे. ते जवळ आले.

"मंगल, गाठोडं आन."

"गाठोडं न्हाई तात्या. अक्कानं नको म्हनून सांगितलंय."

"मेल्यालं मानूस सांगतंय व्हय? का तुलाच लुगडी आवडली?"

माईक थांबला. सगळा घाट माझ्याकडं बघायला लागला.

सख्ख्या बहिणीच्या दहाव्याला मी चोर.

"चला घरी," मी म्हणलं. "पेटी उघडून दावते. एक लुगडं सापडलं तर मलाच सोडा नदीत!"

तेवढ्यात बायकांतून नानी उठल्या. तात्यांच्या मालकीणबाई. जन्मात कधी चारचौघांत बोलल्या नाहीत.

"आवं, घरी कशाला हुडकताय? तुमी रोज पांघरता ती गोधडी कशाची हाय? अक्काच्याच लुगड्यांची. जावा, आना आन् सोडा. मंग थंडीचं नदीच पांघरा!"

दहाव्याला माणसं हसली. माईकवाला पण हसला.

मग बायकांना वाचाच फुटली. कुणी म्हणाली, माझ्या नातवाची झोळी अक्काच्या लुगड्याची, कुणी म्हणाली, माझी भाकरीची फडकी तिचीच. एक म्हणाली, "माझं तर पायपुसणं केलंय, आता अक्का रागावंल का?" मी म्हणलं, "रोज पाय पुसतीस ना? मग कशाला रागावंल?"

तात्यांनी टोपी नीट केली. म्हणाले, "चला, पानं वाढा."

नदीत काही गेलं नाही. शब्द राखला.

निघताना शेजारच्या वाडीची एक बाई आली. तिच्या सासूचा दहावा उद्या.

"ताई, आमचं गाठोडं बांधून ठिवलंय. लई चांगली लुगडी हायेत. गोधडी शिवून द्याल का?"

"आन," म्हणलं. "अक्काची सुई कुटं असती, मला ठावं हाय."

अक्का, तू निवांत जा. तुझ्या धाकटीचा तुला नमस्कार.