ढेकरांची वही

बसा, चहा होईपर्यंत माझा एक गाढवपणा ऐका. दुसऱ्या कुणी केला असता तर मी वर्षभर हसलो असतो. पण केला मीच, त्यामुळे जरा हळू आवाजात सांगतो.

गेल्या साली मला ढेकर सुरू झाले. एखाद-दुसरा नव्हे, रांगेनं. वाशीच्या धान्यबाजारात मी कडधान्यांची दलाली करतो. दिवसभर पार्ट्यांचे फोन. भाव सांगायला तोंड उघडावं, तर भावाआधी ढेकर बाहेर. पलीकडचा म्हणायचा, "शेठ, जेवण झालेलं दिसतंय." तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असायचे.

आता माणूस अशा वेळी काय करतो? बायकोवर ढकलतो. मीही तेच केलं.

"सुनंदा, तुझ्या आमटीत काहीतरी आहे."

"पंचवीस वर्षं तीच आमटी खाताय तुम्ही."

"तेच म्हणतोय. साठत गेलंय."

वरून असं बोलत होतो, पण आतून टरकलो होतो. आमचे थोरले चुलते पोटाच्याच दुखण्यानं गेले. त्यांनाही आधी नुसते ढेकर यायचे, असं आई सांगायची. हे मी सुनंदाला बोललो नव्हतो. पण तिला कळलं असावं, कारण एका शनिवारी तिनं मला धरून नेरूळच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणजे तरुण बाई, शांत बोलणारी. त्यांनी एकेक विचारायला घेतलं. वजन कमी झालंय का? घास अडकतो का? सिगारेट, च्युइंगगम, सोडा? सगळ्याला माझं उत्तर नाही.

"जेवण घाईघाईत होतं का?"

"यांचं? अर्धा तास ताटावरून उठत नाहीत," सुनंदा म्हणाली.

डॉक्टरनी रक्त तपासायला सांगितलं, सोनोग्राफी सांगितली आणि म्हणाल्या, "काका, एक वही करा. जे तोंडात जाईल ते वेळेसकट लिहायचं. ढेकर आला की तोही लिहायचा. काही लपवायचं नाही."

मी कशाला लपवतोय? दोनशे पानी वही आणली. 'सव्वाआठ, पोहे, चहा अर्धा कप. एक वाजता, चपात्या तीन, मेथी.' ढेकरांसाठी बाजूला वेगळा रकाना आखला.

रिपोर्ट चांगले आले, ढेकर मात्र थांबेनात. मग डॉक्टरनी आधी दूध बंद केलं. फरक नाही. मग कोबी, फ्लॉवर आणि सगळी कडधान्यं बंद. घरात तीन आठवडे दुधी, दोडका आणि परत दुधी. सुनंदाही माझ्याबरोबर तेच खायची. फक्त भांडी जरा जोरात ठेवायची.

शेवटी घशातून दुर्बीणही घालून झाली. पोट स्वच्छ. चुलत्यांची भीती गेली, ढेकर राहिले.

दुर्बिणीच्या रिपोर्टनंतर परत दाखवायला जायचं, त्या दिवशी सुनंदा थेट माझ्या गाळ्यावर आली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण तिथं तासभर बसायची तिची पहिलीच वेळ. मी कामात होतो. कानात फोन, समोर नमुन्याच्या पिशव्या. हरभरा डाळ पाहिली, मसूर पाहिली, वाटाणा पाहिला, परत डाळ. मध्येच तिच्याकडे लक्ष गेलं, तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, नवरा कामाचा माणूस आहे हे आज पटलं वाटतं.

दवाखान्यात डॉक्टर वही चाळत म्हणाल्या, "मला कळत नाहीये. रविवारी दिवसभरात दोन ढेकर. सोमवारी अकरा ते एक, एकवीस?"

"कामाचं टेन्शन," मी म्हणालो.

"डॉक्टर," सुनंदा म्हणाली, "हे तासाभरात दोन मुठी कच्ची डाळ खातात."

डॉक्टरनी माझ्याकडे पाहिलं. "काका?"

"छे, खातो कुठं? चावून बघतो. दाणा कट्कन तुटला तर माल कोरडा, दाताखाली दबला तर ओलसर. ते कामच आहे माझं."

"चावून झाल्यावर थुंकता?"

"चार माणसांत थुंकणार कसं?"

"म्हणजे गिळता."

"हो. पण ते काय खाणं झालं का?"

डॉक्टरनी वही मिटली. मग विचारलं, हे सगळं करताना बोलता का? सुनंदानंच सांगून टाकलं की गेल्या दिवाळीत मुलीनं कानात घालायचा फोन दिल्यापासून यांचे दोन्ही हात मोकळे झालेत. आधी एका हातात फोन असायचा, म्हणून डाळ बेतानं जायची.

"काका, चावता चावता बोलताना हवा पोटात जाते. तीच ढेकर होऊन परत येते. आणि वर कच्चं कडधान्य, ते पचणार कसं? नमुना हातानं फोडून बघा. अगदीच चावलात तर थुंका. दोन आठवड्यांनी सांगा मला."

बाहेर येऊन रिक्षात बसलो. सीवूड्सचा पूल आला तेव्हा सुनंदा म्हणाली, "तीन आठवडे आमटीला आरोपी करून ठेवलंत."

मला खरोखर वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी बाजारातली उत्तमातली उत्तम हरभरा डाळ निवडली, दोन किलो, आणि संध्याकाळी तिच्यापुढे ठेवली.

"चुकलंच माझं. उद्या पुरणपोळ्या कर. डाळ एक नंबर आहे, एकदम कोरडी."

तिनं पिशवी उघडली, डाळीत हात फिरवला आणि शांतपणे विचारलं, "कशावरून?"

मला काही बोलता येईना. तोंडात डाळ होती.