न हलणारा बोल्ट

सौसरला आमच्या शेजारी राहणारे भाऊजी निर्जीव वस्तूंशीही अदबीने बोलत. त्या सकाळी त्यांच्या जुन्या मोटारीचे चाक पंक्चर होते आणि चाकाचा एक गंजलेला बोल्ट काही केल्या हलेना. त्याला रॉकेल पाजत ते आर्जवाने म्हणत होते, "या साहेब, या ना भाईर." रॉकेलच्या उग्र वासात संत्र्याच्या फुलांचा गोडवा विरघळत होता. तिगावला माहेरी निघालेल्या वहिनी पिशवी धरून ओट्यावर उभ्या होत्या. तिथे सासरे भर उन्हात जावयाला बागेतले एकेक झाड दाखवीत. भाऊजींचा पाय तिकडे वळत नसे.

वहिनी पाणी प्यायला आत गेल्या आणि गंज करकरला. बोल्ट ढिला झाला होता. कुंपणापलीकडून पाहणाऱ्या मला भाऊजींनी ओठांवर काळे बोट ठेवून गप्प केले, आणि पाना उलट फिरवून बोल्ट पुन्हा आवळला.

"हालूनच नाही राहिला," बाहेर आलेल्या वहिनींना ते खिन्नपणे म्हणाले.

"राहू द्या मंग. बाबालेच इकडं बोलावतो. महिनाभर राहतीन."

भाऊजींनी पाना पुन्हा बोल्टला लावला.

"या साहेब," ते हळूच म्हणाले, आणि साहेब मुकाट बाहेर आले.