तातयसाठी ठेवलेली ओळ

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या आमच्या कॉलेजचा मेल सर्व्हर फेलिसा सांभाळते. मी तिच्या हाताखाली काम करतो, तिला नांग म्हणतो, म्हणजे ताई. कचरा मेलचा तिला भारी राग. एकदा नुसत्या चित्रांच्या जाहिरातींचा असा पूर आला की तिने सरळ नियमच लावला: चित्र आहे पण शब्द एकही नाही, तर मेल दारातूनच परत. सोबत जाणारं उत्तरही तिनेच लिहिलं, "असली पत्रं इथे पाठवू नका."

तिचे वडील, तातय, मालवाहू जहाजावर खलाशी होते. बोलायला कंजूष, लिहायला त्याहून. बंदर आलं की तिच्या कॉलेजच्या मेलवर समुद्राचा एक फोटो पाठवायचे, बस्स. मग पाच महिने एकही आला नाही. "विसरला म्हातारा," ती चिडायची. आणि एक दिवस तातय जहाजावरच गेल्याची बातमी आली.

नंतर तिने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. तातयचे चार मेल परत गेले होते. चौथ्यानंतर त्यांनी पाठवणंच सोडलं होतं. नोंदीत तारीख होती, आकार होता, फोटो नव्हते.

तेव्हापासून नियमांच्या यादीत सगळ्यात वर एक ओळ आहे: तातयचा पत्ता असेल तर काही न तपासता आत घ्या.

परवा मी म्हणालो, "नांग, आठ वर्षं झाली. ही ओळ काढू का?"

"तुझं काय खाते रे ती? गप बस."

ओळ तिथेच ठेवली. कॉलेजात येणारं प्रत्येक पत्र आधी त्या ओळीपाशी थांबतं. तातय आहेत का? नाहीत. मग पुढे.