पाण्याआधी सोडा

ढाणकीच्या शाळेत देवीलाल राठोड सरांचा उदासिनीकरणाचा तास म्हणजे जादूचा खेळ असायचा. चंचुपात्रातल्या गुलाबी द्रावणात ते थेंबथेंब आम्ल सोडायचे आणि एका थेंबाला तो गुलाबी रंग पार नाहीसा व्हायचा. मग सर विचारायचे, "आम्ल अधिक आम्लारी?" अख्खा वर्ग ओरडायचा, "क्षार आन् पाणी!" त्यांच्या बंजारा तांड्यातून बी.एस्सी. झालेले ते पहिलेच. चोवीस वर्षं त्यांनी हा धडा असाच शिकवला.

त्यात सगळ्यांहून मोठा आवाज एका साली संगीताचा होता. ती सरांच्याच ओळखीतल्या तांड्यावरची. दहावीला विज्ञानात शंभरात शहाण्णव मिळाले तेव्हा सर दोनदा तिच्या बापाकडं जाऊन आले, पोरीला पुढं शिकवा म्हणाले. पण बापानं तिचं लग्न लावून दिलं. नवरा राजकुमार सरळ माणूस. गावाबाहेरच्या बियाण्याच्या कारखान्यात दोघंही कामाला लागले. तिथं सरकीवरची लव जाळायला तेजाब, म्हणजे तीव्र आम्ल वापरतात.

मार्चातली दुपार होती. तेजाबाच्या ड्रमची नळी निसटली आणि फवारा राजकुमारच्या तोंडावर उडाला. तो खाली पडून लोळू लागला. माणसं नुसती आरडत होती. संगीतानं मात्र इकडंतिकडं पाहिलं नाही. सांडपाण्यातलं आम्ल मारायला कॉस्टिक सोड्याचं द्रावण बादलीत भरून ठेवलेलं असायचं. तिनं ती बादली उचलली आणि त्याच्या तोंडावर रिकामी केली.

सर चौथ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. "तेजाबानं कातडी जाळली. डोळे गेले ते सोड्यानं. नुसतं पाणी ओतत राहिले असते तर एखादा डोळा वाचला असता."

संगीता व्हरांड्यात बसली होती. तिच्याही दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. सरांना पाहून ती उठली.

"सर, मायं काय चुकलं? समीकरण तं बरोबर होतं ना?"

सरांना आपला तास आठवला. त्यांच्या प्रयोगातलं आम्ल पाण्यासारखं पातळ असायचं, म्हणून खेळ जमायचा. या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते, हे पुस्तकात एका ओळीत होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही म्हणून ते ती ओळ वाचून पुढं जायचे. आणि सोडा डोळ्यात गेला तर तेजाबापेक्षाही खोल उतरतो, हे त्यांनी कधी वर्गात उच्चारलंच नव्हतं.

"समीकरण बरोबर होतं, पोरी. मी अर्धंच शिकवलं," ते म्हणाले आणि उरलेलं अर्धं त्यांनी तिथं उभ्या उभ्या सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे पाणी टाकलं असतं तं..."

सरांनी होकारार्थी मान हलवली. ती खाली बसली ती त्या दिवशी पुन्हा त्यांच्याशी बोलली नाही. परतीच्या एसटीत सरांना राहून राहून वाटत होतं, हे खरं आपण तिच्यासाठी सांगितलं, की आपलं ओझं उतरवायला?

राजकुमारच्या तांड्यात त्याची आई बिजलीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "इनंच मायं लेकरू आंधळं केलं." तेव्हा सर तांड्याचा कारभार पाहणाऱ्या नाईक पूनमसिंगांच्या अंगणात गेले आणि चार माणसांसमोर उभे राहिले. "तिची चूक नाही. तिले ते मीच शिकवलं होतं. चूक मायी आहे."

पूनमसिंगांनी हात जोडले. "मास्तर, तुमी देवमाणूस. दुसऱ्याचं पाप आंगावर घेऊन राह्यले."

म्हणजे कबुलीनं सरांचाच मान वाढला आणि संगीता होती तिथंच राहिली.

राजकुमार घरी आल्यावर सर त्याला भेटायला गेले. तो ओट्यावर बसला होता. आवाजावरून त्यानं ओळखलं आणि आत कोणी नाही ना, असं विचारून घेतलं.

"सर, तवा टाकीचा नळ चालू होता. मले पाण्याचा आवाज येत होता. मी पाणी, पाणी असंच वरडत होतो. पण माया तोंडातून शब्दच फुटत नसंल." जरा थांबून तो म्हणाला, "तिले सांगू नका."

दिवाळीनंतर बिजलीबाईनं सुनेला माहेरी धाडलं. राजकुमारनं अडवून पाहिलं, पण बायकोचा हात धरायला तो अंगणात पोचेपर्यंत ऑटो निघून गेला होता.

माघात सर तिच्या माहेरी गेले. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस हवी होती. मुख्याध्यापकांशी त्यांनी बोलून ठेवलं होतं. संगीता तूर झोडत होती. हातांवरची कातडी आकसून चकाकत होती. तिनं ऐकलं आणि काठी खाली ठेवली.

"त्या खोलीत मी पाय नाही ठेवणार, सर." मग अगदी हळू आवाजात, "ते काही बोलतेत का माह्याबद्दल?"

राजकुमारचं ते पाण्याचं बोलणं सरांच्या ओठांवर आलं होतं. दवाखान्यात त्यांनी खरं सांगितलं होतं. या खेपेला त्यांनी ते गिळलं.

"राजकुमार बोलावते तुले," ते म्हणाले.

ती पाहत राहिली. तिला ते खरं वाटलं नाही, हे सरांना कळलं. तिनं काठी उचलली आणि पुन्हा तूर झोडू लागली.