चिखलरावांचा नकाशा

आमचे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वर्तमानपत्रात पक्ष्यांचे आणि पाणथळींचे सदर लिहायचे. त्याच कचेरीत मी मुद्रिते तपासायचो, म्हणून त्यांचा प्रत्येक लेख छापण्याआधी मी वाचलेला आहे. त्यांच्याविषयी लिहिण्याचा माझा अधिकार असलाच, तर एवढाच.

सुरुवातीला ते बाजारभाव लिहीत. सुट्टीच्या दिवशी मात्र पहाटेच बूट चढवून निघत. एकदा ऐनवेळी एक जाहिरात रद्द झाली आणि पानावर मोकळी जागा उरली. भावजींनी उभ्याउभ्या खंड्या पक्ष्यावर मजकूर लिहून दिला. खंड्या मासा फांदीवर कसा आपटतो, एवढेच. वाचकांना ते इतके आवडले की जाहिरात परत आली तरी खंड्याची जागा गेली नाही. त्यांच्या बुटांचे ठसे कचेरीभर उमटत, म्हणून शिपायाने त्यांचे नाव चिखलराव पाडले. हळूहळू संपादकही तेच म्हणू लागले.

एका लेखात त्यांनी शहराबाहेरच्या तळ्यावरच्या बगळ्यांच्या घरट्यांचे वर्णन केले आणि वाटही सांगितली. पुढच्या रविवारी तिथे नुसती झुंबड. गाड्या, सतरंज्या, डबे, गाणी. बगळे घरटी टाकून उडून गेले. भावजी घरी आले ते बुटांसकट स्वयंपाकघरात बसले, आणि ताईने आधी चहा ठेवला, फरशी नंतर पुसली. तेव्हापासून त्यांनी ठरवले की पक्षी लिहायचा, पाणी लिहायचे, जागा सांगायची नाही. वाचक जागा ओळखण्यावरून पैजा लावू लागले. सदराची गोडी उलट वाढली.

मग नवे संपादक आले. वयाने भावजींच्या निम्मे, हुशार आणि सदा घाईत. त्यांचे म्हणणे सरळ होते. वाचकाला तिथे जाता आले पाहिजे, तेव्हा दर लेखासोबत नकाशा हवा. नसेल तर सदर बंद, चिखलरावांनी पुन्हा बाजारभाव बघावेत. नेमके त्याच सुमारास बगळे तळ्यावर परतले होते. हे भावजी, ताई आणि मी सोडून कोणालाच ठाऊक नव्हते.

"अहो, द्या की एखादा खोटा नकाशा," ताई म्हणाली. "लोक हिंडतील आणि येतील परत."

"खोटं एकदा छापलं की मग खंड्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

"मग खऱ्यातूनच काहीतरी वाट काढा. बाजारभाव लिहीत होतात तेव्हा घरात कसे वागायचात, ते मी विसरले नाहीये."

त्या रविवारी भावजी पाणथळीकडे गेले नाहीत. चक्क सुट्टीच्या दिवशी कचेरीत गेले. सोमवारी लेख माझ्या टेबलावर आला, सोबत हाताने काढलेला सुबक नकाशा. मुख्य दारातून आत, डावीकडे सायकली, पुढे कागदाचे गोदाम, त्यामागे गळका नळ. नळाखालच्या ओलीत शेपटी हलवत फिरणारा धोबी पक्षी, भिंतीच्या फटीतले नेचे, आणि शिंपी पक्ष्याने पाने शिवून केलेले, पिले उडून गेल्यावर रिकामे राहिलेले घरटे. एक राहिलेला अनुस्वार घालून मी मुद्रित वर घेऊन गेलो.

संपादकांनी भावजींना बोलावून घेतले होते.

"चिखलराव, ही तर आपली मागची बाजू."

"हो. वाचकाला जाता येईल."

"माझी थट्टा करताय?"

"नाही साहेब. धोबी आत्ता नळापाशीच आहे. एकदा बघून या, मग खुशाल सदर बंद करा."

साहेब नकाशा घेऊन खाली उतरले. बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांच्या चकचकीत बुटांचा रंग ओळखू येत नव्हता. शिपायाने एकदा फरशीकडे पाहिले, एकदा भावजींकडे. साहेब एवढेच म्हणाले, की नकाशा जरा मोठा छापा.

त्यानंतर इस्पितळाची भिंत, बस थांब्यामागचे झाड, शाळेची गच्ची असे नकाशे येत राहिले. लोकांना आपल्याच गल्लीतले पक्षी सापडू लागले. भावजी निवृत्त झाले तरी सदर चालूच राहिले.

पुढे ते थकल्यावर मी त्यांना एकदा तळ्यावर नेले. झाडे बगळ्यांनी पांढरी झाली होती. परतताना एका मोटारसायकलवरच्या जोडप्याने थांबून विचारले, "आजोबा, पुढे बघण्यासारखं काही आहे का?"

भावजी शांतपणे म्हणाले, "डास फार आहेत."

त्यांनी मोटारसायकल वळवली. माझे सगळे अंग खाजत होते, तेव्हा हेही खोटे म्हणता येणार नाही.